बांटू क्रियापदाचा अर्थ कसा सरकला, हे कसे शोधावे

आफ्रिकेतल्या बांटू भाषाकुळात सुमारे पाचशे भाषा आहेत. कॅमेरून आणि नायजेरियाच्या सीमाभागातून त्यांचा प्रसार साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वी सुरू झाला, असे मानले जाते. नाते इतके जवळचे आहे की एकाच धातूचा अर्थ कुठे कसा वळला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. मात्र अख्खे क्रियापद ताडून उपयोग नाही, आधी ते सोलावे लागते.

1. धातू सुटा करा

स्वाहिलीतला ‘नितासोमा’ (मी वाचेन) घ्या. नि म्हणजे मी, ता हा भविष्यकाळ, सोम हा धातू आणि शेवटी आ. कोशात ‘कुसोमा’ शोधाल तर हाती काही लागणार नाही. कु हा आपल्या ‘-णे’सारखा आहे, नोंद ‘सोमा’खाली असते.

धातूच्या मागे लागणारे प्रत्यय नीट पाहा, कारण अर्थ बहुतेक तिथेच घसरतो. ‘हामा’ म्हणजे राहते ठिकाण सोडणे, ‘हामिया’ म्हणजे नव्या ठिकाणी राहायला जाणे. इथे प्रत्ययाने आपले काम सरळ केले. पण ‘नुका’ म्हणजे घाण वास येणे आणि त्यालाच प्रत्यय लावून झालेला ‘नुकिया’ म्हणजे सुवास येणे! ‘ओना’ (पाहणे) याचे प्रयोजक रूप ‘ओन्या’; अर्थ ‘दाखवणे’ असायला हवा, पण आज तो ‘ताकीद देणे’ असा आहे. मग दाखवण्यासाठी भाषेने त्यावर आणखी एक प्रयोजक प्रत्यय चढवला: ‘ओन्येशा’. एकाच धातूवर असा दुहेरी प्रत्यय दिसला, की पहिल्या रूपाचा अर्थ सरकला असावा असा संशय घ्या.

2. साक्षीदार दूरदूरचे निवडा

पाच-सहा भाषा पुरतात, पण त्या एकाच गल्लीतल्या नकोत. भाषाशास्त्रज्ञ माल्कम गथ्री यांनी बांटू प्रदेशाचे 15 विभाग करून त्यांना रोमन अक्षरे दिली. पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली ‘जी’ विभागात येते, लिंगाला ‘सी’ विभागात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या झुलू, सेत्स्वाना आणि सेसोथो तिन्ही ‘एस’ विभागात. एस विभागातल्या तीन भाषा एकच गोष्ट सांगत असतील तर ती तीन मते धरू नका.

‘बिना’ हे क्रियापद पाहा. लिंगालात त्याचा अर्थ नाचणे, सेत्स्वानातही नाचणे, सेसोथोत मात्र गाणे. सेसोथो आणि सेत्स्वाना सख्ख्या शेजारणी, तर लिंगाला काँगो नदीच्या खोऱ्यातली. दूरच्या दोन भाषा ‘नाच’ म्हणतात, म्हणून पारडे तिकडे झुकते. जिथे नाचताना गातातच, तिथे एका अर्थातून दुसऱ्यात जायला फार चालावे लागत नाही. सेत्स्वानात आणखी एक वळण आहे: ‘ओ बिना एंग?’ म्हणजे शब्दशः ‘तू काय नाचतोस?’, आणि विचारायचे असते ‘तुझे कुलचिन्ह कोणते?’ मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी 1857 साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा प्रश्न नोंदवला आहे.

3. ध्वनी जुळतात का, ते आधी बघा

अर्थ नंतर. झुलूतला ब स्वाहिलीत अनेकदा व होतो किंवा गळून पडतो: ‘अबांतू’ आणि ‘वातू’ (माणसे), ‘बोना’ आणि ‘ओना’. अशा दोन-तीन जोड्या मिळाल्याशिवाय नाते मान्य करू नका.

उसनी क्रियापदे बाजूला काढा. मूळ बांटू क्रियापद सहसा आ-कारान्त असते. ‘साफिरी’ (प्रवास करणे), ‘जिबू’ (उत्तर देणे), ‘सामेहे’ (क्षमा करणे) हे अरबीतून आलेले. स्वाहिलीत बांटूचे जुने स्वरभेद, म्हणजे आवाजाचे चढउतार, उरलेले नाहीत. त्यामुळे एकट्या स्वाहिलीवर निर्णय देणे धोक्याचे.

4. कोशातला एकशब्दी अर्थ पुरेसा समजू नका

दर क्रियापदाची निदान दहा वाक्ये जमवा आणि कर्ता कोण, कर्म काय, हे लिहून ठेवा. झुलूत ‘एंडा’ स्त्रीच्या लग्नासाठी वापरतात, पुरुषाच्या नव्हे. स्वाहिलीत तेच ‘एंडा’ साधे ‘जाणे’ आहे. कर्त्याचा रकाना नसता तर ही अट दिसलीच नसती.

आणि सारखे वळण दिसले म्हणून वारसा ठरवू नका. स्वाहिलीत ‘कुला रुश्वा’ म्हणजे लाच खाणे. मराठीतही लाच खातातच, आणि दोन्ही भाषांचे काडीचे नाते नाही.

5. काळ लावा

जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राप्फ यांचा स्वाहिली कोश 1882 साली निघाला. तो मोंबासाच्या बोलीवर बेतलेला आहे, तर आजची प्रमाण भाषा झांझिबारच्या. त्यामुळे फरक दिसला की तो काळाचा की बोलीचा, हे आधी सोडवा. त्याच्याही मागे जायचे तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्व्याहून 1711 साली अरबी लिपीत लिहिलेली स्वाहिली पत्रे आहेत, आणि मूळ कागद गोव्याच्या पुराभिलेखागारात जपलेले आहेत.

6. काळाच्या खुणांमध्ये हरवलेली क्रियापदे शोधा

सर्वांत मोठे घबाड इथे आहे. ‘नितासोमा’मधला ता हा ‘ताका’ (हवे असणे) या क्रियापदाचा उरलेला तुकडा. पुरावा संबंधी वाक्यात मिळतो: ‘जो येईल तो’ म्हणताना आजही ‘आताकायेकूजा’ असे म्हणतात. ‘ताका’ तिथे अख्खा आहे. दुसरा पुरावा ‘निताकुला’ (मी खाईन) यातला कु. तो ‘कुला’ (खाणे) या रूपातून तसाच राहून गेला. ‘निकिला’ (मी खाल्ले तर) यात तो नाही.

झुलूत हेच काम ‘येणे’ आणि ‘जाणे’ करतात: ‘झा’ (येणे) पासून ‘न्गिझोहांबा’ (मी जाईन), जवळचे भविष्य, ‘या’ (जाणे) पासून ‘न्गियोहांबा’, लांबचे.

‘संपवणे’ तर स्वाहिलीत दोनदा झिजले. पूर्णत्वाची खूण ‘मे’ ही ‘माला’ या जुन्या क्रियापदापासून आली. ते स्वतः प्रमाण भाषेत उरले नाही, त्याचे प्रयोजक ‘मालिझा’ तेवढे आहे. मग त्याच वाटेने ‘ईशा’ (संपणे) निघाले: ‘आमेक्वीशा कुफिका’ (तो केव्हाच पोचला आहे) हे बोलताना ‘आमेशाफिका’ होते. दोन्ही रूपे आज कानावर पडतात, म्हणून शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी: रेडिओच्या तासाभराच्या बातम्या आणि तेवढ्याच गप्पा लिहून काढा, आणि कोणते रूप कुठे येते ते मोजा.