अर्धायुष्य समजलं ते संत्रा बर्फीमुळे

बारावीला अर्धायुष्याची, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला किती काळ लागतो याची, गणितं माझी हमखास चुकायची. 'नमुन्यात २५ टक्के कार्बन-१४ उरला, वय किती?' मी सरळ त्रैराशिक मांडायचो: ५० टक्के जायला ५,७३० वर्षं, तर ७५ टक्के जायला ८,५९५. बरोबर उत्तर असायचं ११,४६०.

शेवटी नागपुरात धरमपेठेत शिकवणी लावली. ताईंनी वही मिटायला लावली अन् डब्यातली संत्रा बर्फी पुढं केली. "अर्धी खा. आता उरलेल्याची अर्धी." हातात पाव तुकडा राहिला आणि ट्यूब पेटली! अर्धं होतं ते उरलेल्याचं, मुळातल्याचं नाही. आता मी आधी समासात १००, ५०, २५ असं उतरत लिहितो, पायऱ्या मोजतो अन् ५,७३० नं गुणतो. पायरी नेमकी बसली नाही, तरच लॉग.

दुसरा घोळ म्हणजे, सीताबर्डीच्या टेकडीचं वयही मी कार्बननं काढायला निघालो होतो. ताई हसल्या, "अरे बाबू, तो बेसाल्ट आहे, थिजलेला लाव्हा. कार्बननं वय निघतं ते एकेकाळी जिवंत असलेल्याचं. त्यात कधी जीव होता का?" शिवाय दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि कार्बन-१४ पन्नासेक हजार वर्षांतच मोजण्यापलीकडे जातो. तिथं पोटॅशियम-४० लागतो, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातून झालेला अरगॉन वायू दगडातच अडकून राहतो, तो मोजून वय काढतात.

तो पाव तुकडाही मी खाल्लाच, हे ताईंना सांगितलेलं नाही.