साडेअठरा न्यूट्रॉन आले, की थांबा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी संध्याकाळी नववीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. परवा एकीच्या वहीत क्लोरिनपुढे लिहिलेलं दिसलं: 35.5 − 17 = 18.5 न्यूट्रॉन. मी विचारलं, "अर्धा न्यूट्रॉन कुठून आणलास गं?" तर म्हणाली, "मॅडम, वजाबाकी केली तर तेवढेच येऊन राहिले ना!" वजाबाकी तिची बरोबरच होती, आकडा मात्र नको तिथून उचललेला: अणुवस्तुमानांकातून प्रोटॉन वजा करायचे, तर तिने आवर्तसारणीत छापलेला 35.5 घेतला. दरवर्षी कुणाचं तरी इथेच अडतं.

अणुवस्तुमानांक म्हणजे वजन नव्हे, मोजदाद. अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन मोजा, न्यूट्रॉन मोजा, बेरीज करा. ती पूर्ण संख्याच येणार. इलेक्ट्रॉन यात धरत नाहीत, कारण ते केंद्रकात नसतातच.

सुरुवात मी मँगनीजने करते. मनसरकडच्या खनिजाचं काळं ढेकूळ टेबलावर असतंच. मुठीत मावतं, पण आकाराच्या मानाने चांगलंच जड. आपल्या जिल्ह्याच्या मातीतलं मूलद्रव्य मुलांच्या हातात द्यायला मला फार आवडतं. अणुअंक 25, म्हणजे प्रोटॉन 25. अणुवस्तुमानांक 55. उरले 30 न्यूट्रॉन. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीजास्त, अशा एकाच मूलद्रव्याच्या अणूंना समस्थानिकं म्हणतात. मँगनीजचं स्थिर समस्थानिक हे एकच, त्यामुळे इथे गोंधळ होत नाही.

मग क्लोरिन. त्यासाठी चार वाट्या घ्या. तूर म्हणजे प्रोटॉन, चणा म्हणजे न्यूट्रॉन. प्रत्येक वाटीत तुरीचे दाणे 17च. अठरावा पडला तर तो क्लोरिन राहत नाही, आरगॉन होतो. तीन वाट्यांत 18-18 चणे टाका, चौथीत 20. दाणे मुलांनाच मोजू द्या, घाई करू नका. तीन वाट्या 35च्या, एक 37ची. निसर्गात ही दोन समस्थानिकं साधारण याच प्रमाणात, तीनास एक, सापडतात. एकूण दाणे 142, भागिले 4, आले 35.5. एकाही वाटीत अर्धा चणा नाही! आवर्तसारणीत छापलेला आकडा ही अशी सरासरी असते. न्यूट्रॉन काढायचे तर आधी विचारा, कोणती वाटी?

सोडियमचा अणुवस्तुमानांक 23. त्याने एक इलेक्ट्रॉन गमावला तरी तो 23च राहतो, कारण केंद्रकाला धक्का लागलेला नसतो.

आता तांबं तुम्ही करा. अणुअंक 29, समस्थानिकं 63 आणि 65. न्यूट्रॉन 34 आणि 36 आले पाहिजेत.