'घर' या विषयावरचं पहिलं समूह प्रदर्शन: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

'घर' हा विषय ठरला की पहिल्या बैठकीत बहुतेक वह्यांत उतरती छपरं, खिडक्या आणि दाराशी उभं कुटुंब दिसतं. त्यात गैर काही नाही, हात मोकळा होतो. पण ती चित्रं कोणाचीही असू शकतात. किशोरवयात मी अशा प्रदर्शनात भाग घेतला होता आणि आता त्याच वयाच्या मुलामुलींना मांडणीत मदत करते. त्या अनुभवावरून सांगते: अख्खं घर काढायला बसू नका. घरातली एकच गोष्ट धरा आणि तिचा पिच्छा पुरवा.

एका मुलीने नुकतंच राहतं घर सोडलं होतं. तिने जुन्या खोलीची रिकामी भिंत काढली. कपाट हलवल्यावर मागे उरलेला फिकट चौकोन, त्याच्या कडेची धुळीची रेघ, स्विचभोवती बोटं लागून काळवंडलेला रंग. जलरंगाचे पातळ हात एकावर एक देत ती त्या फिकटपणाच्या मागे लागली होती. चित्रात माणूस नव्हता, तरी इथे कोणीतरी राहून गेलंय हे लांबूनही कळायचं. दुसरा एक मुलगा आईकडे आणि वडिलांकडे आळीपाळीने राहायचा. 'माझं घर कोणतं?' याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि ते द्यायलाच हवं असंही नव्हतं. दोन्हीकडे सोबत जाणारी सॅक उघडून त्याने आतली एकेक वस्तू खऱ्या मापात पेन्सिलने काढली: चार्जर, टूथब्रश, जोडी हरवलेला मोजा. मला ते काम फार आवडलं, कारण त्याने प्रश्न सोडवला नाही, नीट मांडला.

अडलात तर जाणत्या कलावंतांनी घराकडे कसं पाहिलं ते बघा. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडने १९९३ मध्ये लंडनमधल्या एका घराला आतून काँक्रीटचा थर दिला आणि मग बाहेरच्या भिंती उतरवल्या. माणसं वावरायची ती आतली पोकळीच शिल्प होऊन उभी राहिली. पुढच्याच जानेवारीत ते पाडलंही गेलं. अलीगढला जन्मलेल्या आणि पुढे देशोदेशी राहिलेल्या झरीना हाश्मींनी १९९९ मध्ये घराच्या आठवणींवर ३६ काष्ठठशांची (लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली, उर्दू शब्द आणि मोजक्या रेषा एवढ्यावर. डो हो सू हा कोरियन कलावंत स्वतः राहिलेली घरं पारदर्शक कापडात खऱ्या मापाने शिवतो. त्यांची शैली उचलू नका. त्यांना पडलेला प्रश्न आपल्या घराला विचारून बघा.

घराबद्दल काम करताना एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. घर तुमच्या एकट्याचं नसतं. आजारपण, भांडणं, घरच्यांचे फोटो भिंतीवर लावण्याआधी त्या माणसांना विचारा. आणि जे सांगायचं नाही ते न सांगण्याचा हक्क तुम्हालाही आहे. उद्घाटनाला लोक हमखास विचारतात, 'हे तुझ्याच घरातलं का?' कशाचं उत्तर द्यायचं आणि कशाचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

खरी कसोटी मांडणीत लागते. दर्शनी भिंत सगळ्यांनाच हवी असते. खिळा ठोकण्याआधी सगळी कामं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवा आणि अदलाबदल करत बघा. त्या मुलीचं रिकाम्या भिंतीचं चित्र माणसांनी गजबजलेल्या चित्राशेजारी गेलं की विरहाचं वाटतं, एकटं टांगलं की शांत. कोणतं काम कुठे लावायचं हा निर्णय, प्रदर्शनात स्वतःचं काम नसलेल्या एखाद्या जाणकाराकडे सोपवलेला बरा, मैत्री शाबूत राहते.

टांगताना प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे लहानमोठी कामंही एका ओळीत वाटतात. जलरंग आणि छायाचित्रं थेट उन्हात नकोत. लेबलवर नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप एवढं पुरे. सोबतचं निवेदन शंभर शब्दांच्या आत बसवा आणि चित्रात दिसतंय तेच पुन्हा लिहू नका. ही गोष्ट का निवडली, तेवढं लिहा.

जमलं तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घरच्यांना बोलावून घ्या. गर्दीत, अनोळखी लोकांसमोर आपलं घर भिंतीवर पाहणं त्यांना जड जाऊ शकतं. दालन रिकामं असताना ते सावकाश पाहतात, काही खटकलं तर बोलतात, आणि एखादं लेबल बदलायला तुमच्या हातात एक रात्र उरते.