कडक कोच की शिवीगाळ करणारा कोच? पालकांनो, या चुका टाळा

१४ वर्षांखालच्या मुलांचा कबड्डीचा सराव चालू आहे. कोपऱ्यातला पोरगा रेडरवर घाईने झेपावतो आणि पॉइंट जातो. एक कोच ओरडतो, "तिसऱ्यांदा सांगतोय, त्याचा पाय बोनस लाइनकडे येऊ दे, मग अँकल धर. पुन्हा घाई केलीस तर उद्या पहिल्या सातात नाहीस." दुसरा कोच तेवढ्याच आवाजात म्हणतो, "बांगड्या भर आणि घरी बस. तुझ्या घरात कुणी मैदान पाहिलंय का?" पहिलं बोलणं कडक आहे. दुसऱ्यात एकही शिवी नाही, तरी ती शिवीगाळच आहे.

चूक १: आवाजावरून माप घेणं

मैदानावर आणि पोहण्याच्या तलावावर ओरडावंच लागतं, नाहीतर पलीकडच्या लेनमधल्या पोराला ऐकूच जात नाही. त्यामुळे आवाज बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पाहा. शब्द चुकलेल्या हालचालीवर पडले, की मुलाच्या अंगावर, रंगावर, जातीवर, आईबापावर? ते ऐकून पुढच्या रेडला किंवा चेंडूला काय वेगळं करायचं हे मुलाला कळलं का? आणि राग त्या चुकीबरोबर संपला, की "जाड्या" हे नाव पुढच्या महिन्यातही चालूच आहे?

तिसरा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. चांगल्या कोचचीही एखाद्या दिवशी जीभ घसरते, पण तो दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बाजूला घेऊन बोलतो. रोज त्याच मुलाला सर्वांसमोर तोच टोमणा मिळत असेल, तर ती सवय झालेली असते. आणि हळू आवाजातला त्रास विसरू नका: आठवडाभर मुलाशी न बोलणं, त्याला मुद्दाम जोडी न देणं, इतरांना त्याच्यावर हसायला लावणं.

चूक २: "पण सरांनी इतकी पोरं नॅशनलला पाठवलीत"

पाठवली असतील. सोडून गेलेली पोरं मात्र क्लबच्या यशाच्या फलकावर नसतात. प्रवेश घेताना एवढंच विचारा: १४ वर्षांखालच्या बॅचमधली किती मुलं १७ वर्षांखालच्या गटापर्यंत टिकली आणि बाकीची का गेली? मोजून सांगणारा कोच आणि चिडणारा कोच यांतला फरक तिथेच दिसतो.

ब्रिटनच्या जिम्नॅस्टिक्समधल्या गैरवर्तनावर ॲन व्हाइट यांचा अहवाल जून २०२२ मध्ये आला. मुलींना खाण्यापाण्यावाचून ठेवणं, शौचालयाला जाऊ न देणं, वजनावरून सतत बोलणं, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. हे प्रकार पदकं मिळवणाऱ्या व्यवस्थेत चालले होते.

चूक ३: वजनावरचे टोमणे "खेळाचा भाग" म्हणून सोडून देणं

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं आणि पालक सर्वांत उशिरा जागे होतात. साधारण ११ ते १४ या वयात मुलींचं वजन वाढणं ही वाढीचीच खूण असते. त्याच काळात धावण्याच्या, जिम्नॅस्टिक्सच्या किंवा कुस्तीच्या सरावात सर्वांसमोर काटा ठेवून आकडे वाचले जातात आणि "भाकरी कमी कर" असं सांगितलं जातं. मूल गुपचूप जेवण टाळू लागतं. खर्च होणारी ऊर्जा भरून निघाली नाही, तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडांची मजबुती कमी करतं. मग नडगीला किंवा पावलाला वारंवार ताणाचे फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर) होतात, आणि कोच म्हणतो, "पोरगी नाजूक आहे."

पाळी सलग ३ महिने आली नाही, वर्षात दोनदा हाडाची दुखापत झाली किंवा वजनी गटात बसण्यासाठी मूल पाणी पिणं टाळायला लागलं, तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जा. कोचला स्पष्ट सांगा: वजन घ्यायचं तर एकांतात, आकडा फक्त पालकांना, आणि आहार आहारतज्ज्ञ ठरवेल.

चूक ४: "सर ओरडतात का?" असं थेट विचारणं

उत्तर "नाही" असंच येतं, कारण संघातली जागा जाईल ही भीती असते. रात्री जेवताना विचारा, "आज काय दुरुस्त केलंस? सर नेमके काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत सांग." शब्द आठवतात पण दुरुस्ती सांगता येत नाही, असं वारंवार झालं तर लक्ष द्या. फक्त सरावाच्या दिवशी पोट दुखणं, दुखापत लपवणं, "मी बिनकामाचाच आहे" असं बोलणं, याही खुणाच.

चूक ५: मैदानावर भांडण किंवा ग्रुपवर व्हिडिओ

त्या भांडणाची किंमत दुसऱ्या दिवशी मूल मोजतं. आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: तारीख, वेळ, नेमके शब्द, कुणी ऐकलं, नंतर मूल कसं होतं. "सर फार बोलतात" याला कुणी विचारत नाही. "१२ तारखेला सायंकाळी सर्वांसमोर आईवरून बोलले, तीन पालक हजर होते" याला उत्तर द्यावंच लागतं. व्हिडिओत इतरांची मुलं दिसतात, तो पसरवू नका.

मग सामन्याच्या आठवड्यात नव्हे, सरावानंतर वेळ मागून आईवडील दोघांनी कोचला भेटा. एकच मागणी ठेवा: "सर, खेळाबद्दल कितीही कडक बोला, आमची हरकत नाही. अंगावरून आणि घरावरून बोलणं बंद व्हायला हवं." त्याच रात्री ठरलेलं मेसेजवर पाठवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर वहीच्या प्रतीसह क्लबच्या अध्यक्षांकडे किंवा मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

चूक ६: जिथे भेटायचंच नाही, तिथे भेट मागणं

मारहाण, लैंगिक बोलणं किंवा स्पर्श, धमकी, जातीवरून शिवी: इथे कोचशी चर्चा करू नका. पोलीस किंवा चाइल्डलाइन १०९८. लैंगिक प्रकाराची माहिती असूनही न कळवणं हा पॉक्सो कायदा २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नुसार गुन्हा आहे, "क्लबचं नाव खराब होईल" ही सबब चालत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ देखरेखीखालच्या मुलाला अनावश्यक मानसिक त्रास देणाऱ्यालाही लागू होतं. शाळेत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा.

दक्षिण कोरियाची ट्रायथलॉनपटू (पोहणं, सायकलिंग आणि धावणं असा एकत्र खेळ) चोई सुक-ह्यन हिने संघातल्या छळाबद्दल अनेक ठिकाणी दाद मागितली होती. २०२० मध्ये, २२ व्या वर्षी, तिने आयुष्य संपवलं. तक्रार दिली म्हणजे काम झालं असं समजू नका, आठवड्याला पाठपुरावा करा.

चूक ७: गुण आणि प्रमाणपत्रांच्या भीतीने गप्प बसणं

दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि राज्य सरकारच्या नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण यांमुळे कोचच्या हातात मोठी दोरी आहे असं वाटतं. ती आधीच सैल करा: मूळ प्रमाणपत्रं, नोंदणीची कागदपत्रं आणि स्पर्धेचे निकाल घरी ठेवा, कोचकडे फक्त प्रती. क्लब बदलायचा असेल तर संघटनेच्या बदलीच्या नियमांची आणि मुदतीची चौकशी लेखी करा, आणि निवड चाचणीच्या तोंडावर नव्हे, हंगाम संपल्या संपल्या अर्ज द्या.