ऑपरेटर व्हायचंय? आधी लाईन ट्रेस करायला शिका

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली पोरं बारावी सायन्स झाली की विचारत येतात, काका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर कसं व्हायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालूय, तिकडे नंदेसरी, फर्टिलायझरनगर, म्हणजे बडोद्याच्या पोराला प्लांट काही नवा नाही, पण गेटच्या आत जायला कुठला कागद लागतो ते बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आयटीआयचा एओसीपी ट्रेड, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, दोन वर्षांचा. नाहीतर केमिकलचा डिप्लोमा. नाहीतर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बीएससी आणि मग अप्रेंटिसशिप. मोठ्या सरकारी कंपन्या प्रॉडक्शनच्या पोस्टला बहुतेक डिप्लोमा किंवा बीएससी मागतात, तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कलर व्हिजन आधीच तपासून घ्या, मेडिकलला तिथं अडकायला होतं. आणि पैसे घेऊन लावून देतो म्हणणारा कोणी भेटला तर चहासुद्धा पाजू नका त्याला.

आता खरं काम. सगळ्यांना एसीत बसून डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरून प्लांट चालवणारा पॅनल ऑपरेटर व्हायचं असतं, पण सुरुवात फील्डमध्येच, म्हणजे बाहेर पंप-पाइपांपाशीच होते आणि ते चांगलंच आहे. पीअँडआयडीची, म्हणजे प्लांटमधले पाइप आणि मीटर दाखवणाऱ्या नकाशाची प्रिंट हातात घ्यायची आणि टाकीपासून पंप, एक्स्चेंजर, कॉलमपर्यंत लाईनच्या, म्हणजे पाइपच्या मागे चालत सुटायचं, प्रत्येक व्हॉल्व्ह, ड्रेन, बायपास हात लावून बघायचा. रात्री लाईट गेली तरी तो व्हॉल्व्ह सापडला पाहिजे.

पंप चेंजओव्हर, म्हणजे चालू पंप बंद करून दुसरा चालू करणं, तर इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर सक्शन म्हणजे आत येणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, केसिंगमधली हवा काढा, डिस्चार्ज म्हणजे बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करा, प्रेशर आलं की डिस्चार्ज हळूहळू उघडा, नाहीतर मोटर ओव्हरलोड होते. पण डिस्चार्ज बंद ठेवून फार वेळ चालवायचा नाही, आतलं लिक्विड तापतं. रेसिप्रोकेटिंग किंवा गिअर पंप असेल तर उलटं, डिस्चार्ज आधी उघडा, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उडेल. आत खडे हलल्यासारखा आवाज आला तर कॅव्हिटेशन, म्हणजे लिक्विडमध्ये वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत, आधी सक्शनची गाळणी बघा. हे पुस्तकात आहेच, पण तो आवाज एकदा कानात बसला की मग शेडमध्ये शिरतानाच कळतं.

सेफ्टीमध्ये पोरं नुसती पाठांतर करतात. एच टू एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड गॅसला कुजलेल्या अंड्याचा वास येतो हे सगळे सांगतात, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून गॅस गेला असं नाही, भरवसा डिटेक्टरवरच. टाकीत उतरायच्या आधी आत ऑक्सिजन किमान 19.5 टक्के हवा आणि परमिट सहीसकट हातात हवं. आतला माणूस पडला म्हणून हवेच्या सिलिंडरचा मास्क न लावता मागे उडी मारायची नाही, अशाने दुसराही जातो.

लॉगशीट, म्हणजे दर तासाच्या रीडिंगचा कागद, मात्र खरी भरा, खुर्चीवर बसून मागच्या तासाचे आकडे उतरवणारा शिफ्ट इंचार्जला पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो.

बाकी शिफ्ट म्हणजे शिफ्ट, दिवाळी, गणपती काही बघत नाही. नवरात्रात सेकंड शिफ्ट असली तर दहाला सुटून गरब्याला निदान शेवटी तरी पोचता येतं, नाईट आली की संपलंच, म्हणून आधीच्या आठवड्यात ड्युटी अदलाबदलीचे सौदे सुरू होतात आणि नव्या पोराच्या वाट्याला सगळ्या नाईट येतात.