वर्षाचं धान्य भरताय? मग हे वाचा

सगळं एकदम भरू नका, जे नवीन निघतं ते त्या सीझनला स्वस्त मिळतं. तूरडाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू आणि लाल मिरची एप्रिलपर्यंत, तांदूळ मात्र दिवाळीनंतर. गहू चाळून कडक उन्हात वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा, गरम भरला की आत वाफ धरते आणि पोरकिडे होतात मग सगळी मेहनत पाण्यात. तूरडाळीला तळहाताला लागेल एवढंच एरंडेल चोळायचं, दाणा चकाकला की बास. तांदूळ उन्हात अजिबात नको, तुकडा पडतो, सावलीत पसरा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. तेल, रवा, शेंगदाणे महिन्यापुरतेच घ्या, ऑफर कितीही भारी असली तरी, कारण खवट झालं की पैसे गेलेच.