दुसऱ्यांच्या वारसाहक्काच्या दाव्यात साक्षीचं समन्स आलं? या चुका टाळा

मालमत्तेचं भांडण शेजारच्या भावंडांचं, आणि साक्षीचं समन्स तुमच्या नावावर. शिक्का पुसट, तारीख तोंडावर, कागद आणून देणाराही वादातलाच एक भाऊ. संशय येणारच, आणि तो घ्यायलाही हवा. पण संशय आला म्हणून कागद कपाटात ठेवून गप्प बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समन्स खरं निघालं आणि तुम्ही विनाकारण गैरहजर राहिलात, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 32 खाली वॉरंट, मालमत्तेची जप्ती किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पक्षकाराने हातोहात आणलं एवढ्यावरून समन्स खोटं ठरत नाही. याच संहितेच्या आदेश 16 मधल्या नियम 7-अ नुसार कोर्ट तशी परवानगी देऊ शकतं. उलट, नुसती वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. कोर्टाचं नाव, दावा क्रमांक, सही आणि शिक्का पाहा. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या अधिकृत संकेतस्थळावर तो दावा आणि पुढची तारीख जुळते का तपासा, आणि शंका उरली तर थेट त्या कोर्टाच्या कार्यालयात जा. कागदावर छापलेल्या मोबाइल नंबरवर फोन करून खात्री करू नका. समन्स ‘रद्द करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे; पोलिसांत, आणि फोनवर किंवा ऑनलाइन मागितले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. साक्षीदाराने पैसे भरायचे नसतातच. त्याचा प्रवासखर्च बोलावणाऱ्या पक्षकाराने कोर्टात जमा करायचा असतो.

समन्स खरं निघालं की ते कशासाठी आहे ते वाचा. फक्त कागदपत्र मागितलं असेल तर आदेश 16 मधल्याच नियम 6 नुसार ते दुसऱ्याकरवी हजर केलं तरी चालतं. मात्र मूळ कागद कोर्टाबाहेर कोणत्याही पक्षकाराच्या हातात देऊ नका.

अंतराचाही नियम आहे. तुम्ही त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर, कोर्टापासून 100 किलोमीटरपेक्षा लांब राहत असाल (बहुतेक वाटेवर रेल्वे किंवा नियमित सार्वजनिक वाहन असेल तर ही मर्यादा 500 किलोमीटर), तर जातीने हजर राहण्याची सक्ती सहसा होत नाही. पण ही सूट आपली आपण घ्यायची नाही, लेखी अर्ज करून मागायची. आजारपण असेल तर कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीकडून, घरी साक्ष घेण्याची विनंती करता येते.

‘मला यातलं काही माहीत नाही’ हे कारण फोनवर त्या भावाला सांगून उपयोग नाही; तेही लेखी अर्ज करून कोर्टालाच सांगा. आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तुमची सही असेल, तर तुम्हाला बोलावणं रास्तच आहे: मृत्युपत्र सिद्ध करायला सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी हयात असलेल्या निदान एकाची साक्ष लागते.

मला सर्वांत धोक्याची वाटते ती वेगळीच चूक. ओळखीखातर एका बाजूच्या वकिलाने तयार करून आणलेल्या शपथपत्रावर न वाचता सही करणं. त्यातलं प्रत्येक वाक्य उलटतपासात तुमच्याच तोंडी घातलं जाईल. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते खोडायला लावा, नाही तर सही करू नका.

सूट किंवा घरी साक्षीची विनंती, यांपैकी कशासाठीही अर्ज असो, तो तारखेच्या आधी कोर्टात द्या आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. तारखेपर्यंत त्यावर आदेश झाला नाही, तर त्या दिवशी कोर्टात हजर राहा.